स्लेट फोडताना चीर एका अंगाला का पळते?

छिन्नी बसते, चार-सहा ठोक्यांत कडेला केसासारखी रेघ उमटते, दगड उघडतोय असं वाटून जीव सुखावतो. मग वीतभर आत गेल्यावर चीर मधली वाट सोडते आणि एका अंगाला सरकते. हातात दोन तुकडे येतात: एक नको तेवढा जाड आणि दुसरा पातळ होत होत मध्येच संपलेला. यार्डात आम्ही याला ‘पाचर पडली’ म्हणतो, कारण तो तुकडा दिसतोच दाराखाली घालायच्या पाचरीसारखा.

गोव्यातल्या डिचोलीत माझं लाद्या-दगडांचं छोटं यार्ड आहे. बागेतली वाट, विहिरीभोवतीची फरसबंदी, भिंतीला लावायचे पट्टे अशा कामांना लोक स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, नेतात. जाड लादी नेऊन घरीच फोडली की एकीच्या दोन होतात, म्हणून हौशी मंडळी तेच करतात आणि आठवड्याभरात फोन येतो. तक्रार नव्वद टक्के वेळा हीच. पहिला संशय स्वतःच्या हातावर, दुसरा माझ्या मालावर. मालाची बाजू मी घेणारच, धंदा आहे; पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. छिन्नी मधोमध लागलेली नसते, किंवा मधोमध लागते पण दगड वाळून खडंग झालेला असतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. चवथीच्या आधी घरच्या तुळशीभोवती फरशी घालायची म्हणून दीड इंची जाडीच्या चौदा लाद्या मागच्या अंगणात घेऊन बसलो. संध्याकाळपर्यंत आठ धड फुटल्या, सहांच्या पाचरा झाल्या. बायको म्हणाली, ‘‘आता तुळशीला गोल करायची की अर्धगोल?’’ त्या सहा पाचरा मी फेकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओळीने मांडून बघितल्या आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. सहाही ठिकाणी चीर ज्या बाजूला पळाली होती, ती बाजू छिन्नी लावतानाच दुसरीपेक्षा पातळ होती. कुठे दोन सुतांनी, कुठे तीन (आठ सुतांचा एक इंच).

सगळी मेख इथेच आहे. छिन्नी आत शिरते तेव्हा दोन्ही बाजू थोड्या थोड्या वाकतात आणि चीर त्यांच्या मधून पुढे सरकते. दोन्ही बाजू सारख्या जाड असतील तर दोन्ही सारख्या वाकतात, चीर सरळ जाते. एक बाजू पातळ असेल तर तीच जास्त वाकते, आणि चीर जास्त वाकणाऱ्या बाजूकडे ओढली जाते. ओढली गेली की ती बाजू आणखी पातळ होते, म्हणून आणखी वाकते. एकदा वाट सुटली की परत यायला कारणच उरत नाही. माटोळीसाठी (गणपतीवर फळं टांगायच्या चौकटीसाठी) कधी बांबूच्या कांबी काढल्या असतील तर हे तुम्हाला ठाऊक आहे. कांब एका बाजूला पळायला लागली की बुरूड काय करतो? पातळ बाजू सरळ धरून ठेवतो आणि जाड बाजू वाकवतो. चीर आपोआप जाड बाजूकडे परत येते. दगडही तसाच वागतो, फक्त बांबूइतका वाकत नाही, म्हणून चूक सुधारायला वाव कमी.

यातून निघणारा नियम एकच, आणि तो मोडायचा मोह दर वेळी होतो: लादी नेहमी निम्मीच करायची. बारा सुतांची (म्हणजे दीड इंचाची) लादी असेल तर आधी सहा-सहा, मग प्रत्येकीची तीन-तीन. बारा सुतांतून चार-चार सुतांचे तीन तुकडे काढतो म्हणालात तर पहिलीच फोड चार-आठची पडते आणि तिथेच पाचर. पाच-सात एखाद वेळी निभावतं. चार-आठ निभावत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘पण मला तीनच हवेत.’’ मग चार काढा, एक पडवीत ठेवा. कधी ना कधी एखादी लादी तडकतेच. वेल्सच्या खाणींत छतावरच्या पातळ पाट्या आजही हाताने फोडतात. तिथलाही शिरस्ता हाच, निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं.

मध्य डोळ्याने ठरवू नका. मी सुद्धा ठरवत नाही. लादीच्या चारही कडांना एक खिळा आणि लाकडाची पट्टी घेऊन मधोमध रेघ ओढा. वरचा चेहरा खडबडीत असतो, त्यामुळे एका कडेला बारा सूत असलेली लादी पलीकडच्या कडेला दहाच भरते. रेघ दर कडेच्या स्वतःच्या मध्यावर जायला हवी. हे पाच मिनिटांचं काम टाळून मी जितके दगड घालवलेत, तितके बाकी सगळ्या कारणांनी मिळून घालवले नसतील.

आता ठोकायचं कसं. लादी आडवी ठेवून वरून घाव घालणं ही आपल्याकडची सवय, कारण गोव्यातला हात चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर, तयार झालेला असतो. चिऱ्याला थर नसतात. तो कुठूनही तासता येतो, जोर लावला की ऐकतो. स्लेट जोराला ऐकत नाही. लादी उभी करा, खाली दुमडलेलं गोणपाट, आणि ती मांडीला थोडी रेलून धरा म्हणजे आतली थरथर मांडीला कळते. वरच्या कडेच्या रेघेवर छिन्नी ठेवा आणि हलके हलके ठोके देत कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. एका जागी खोल जाऊ नका. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी. पहिल्या फेरीत आवाज कोरडा येतो, टक् टक्. तिसऱ्या-चौथ्या फेरीला कुठेतरी तो बदलतो, जरा पोकळ आणि खालच्या पट्टीत जातो. तो आवाज ऐकला की थांबा, ठोके वाढवू नका.

चीर दिसत नसेल तर एक साधी युक्ती आहे. कडेवर ओलं फडकं फिरवा आणि दोन-तीन मिनिटं वाट बघा. दगडाचा पृष्ठभाग आधी वाळतो, चिरेत शिरलेलं पाणी राहतं. करड्या कडेवर काळी बारीक रेघ उरते, तुम्ही खिळ्याने ओढलेल्या रेघेशेजारी. दोन्ही रेघा एकमेकींवर असतील तर काम सुरळीत आहे. काळी रेघ एका टोकाला वर चढलेली दिसली तर चीर पळायला लागलीय, आणि अजून वेळ गेलेली नाही.

पळायला लागली असेल तर दोन उपाय. पहिला: ती कड सोडा, लादी उलटी करा आणि समोरच्या कडेच्या मध्यावरून नवी फोड सुरू करा. बहुतेक वेळा दोन्ही चिरा आत कुठेतरी भेटतात आणि मध्ये एक छोटी पायरी राहते, ती नंतर छिन्नीने काढता येते. दुसरा उपाय बुरुडाचा. जी बाजू पातळ होतेय तिच्या मागे सपाट फळी लावून ती फळीवर घट्ट दाबून धरा, दुसऱ्या माणसाने धरली तर उत्तम, आणि छिन्नीचा रेटा जाड बाजूला द्या. आधी थोडा दिला तर चीर परत येते. वीतभर पळून गेल्यावर हा उपाय चालत नाही, त्यात वेळ घालवू नका.

दगड वाळलेला असेल तर वरचं सगळं पाळूनही काम फसतं. खाणीतून नुकताच निघालेला दगड आतून ओलसर असतो, तेव्हा तो सहज उलगडतो. महिनोन्‌महिने उन्हात पडला की आतला ओलावा उडतो आणि थर एकमेकांना धरून बसतात. चिऱ्याचं काय होतं आठवा: खाणीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीने तासला जातो, हवा लागली की घट्ट होतो. कारण वेगळं आहे, पण धडा तोच की नवं काम नव्या दगडावर करा. आमच्या यार्डात मार्च-एप्रिलला पत्र्याच्या छपराखाली पडलेला माल आणि ऑगस्टमध्ये पावसात भिजत पडलेला माल यांच्यात हाताला सरळ फरक कळतो. म्हणून मी सांगतो, फोडायची लादी घरी आणली की प्लास्टिकच्या पिंपात किंवा हौदात बुडवून ठेवा, मी तीन दिवस ठेवतो, आणि फोडेपर्यंत ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवा. खाणीतला ओलावा तसाच्या तसा परत येत नाही, पण दगड थोडाफार सैल पडतो. तीन दिवस भिजवूनही तो हट्ट सोडत नसेल तर ती लादी जाडच वापरा. पायरीला लावा. हट्टी दगडाशी भांडण्यात अर्थ नाही.

पण त्याआधी एक प्रश्न: तुमच्या हातात आहे ती स्लेटच आहे ना? हा प्रश्न वरवर बावळट वाटतो. बाजारात काळा आणि सपाट दिसेल तो दगड ‘स्लेट’ म्हणून विकला जातो. शहाबादी फरशी, कडाप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड. तेही थरांनी निघतात, पण त्यांचे थर म्हणजे गाळ जसा साचला तसे. स्लेट म्हणजे आपला पाटीचा दगड. ज्या पाटीवर आपण ‘ग’ गिरवला ती पाटी. आंध्रातलं मार्कापूर अशा पाट्यांसाठीच नावाजलेलं, आणि हिमाचलातल्या कांगड्याकडे घरांची छपरंच या दगडाची असतात. ओळखायला खिळ्याने थोडी भुकटी खरवडा आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर चुनखडी. नाही आले तर पुढे वाचा.

चुनखडीत दिसणाऱ्या पट्ट्यांच्या दिशेने छिन्नी लावली तर बरोबर. स्लेटमध्ये तसं केलं तर घात. कारण स्लेट मुळात चिखलाचा गाळ होता, तो जमिनीखाली प्रचंड दाबाने आणि उष्णतेने बदलला. दाब ज्या दिशेने आला तिच्याशी काटकोनात अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे एका ओळीत बसले, आणि दगड फुटतो तो या पापुद्र्यांच्या दिशेने. मूळ गाळाचे थर मात्र आपल्या जागी तसेच राहिले. त्यामुळे लादीच्या कडेवर कधी कधी फिकट-गडद पट्टे तिरके गेलेले दिसतात. ते पट्टे म्हणजे जुना गाळ, फुटायची वाट नव्हे. माझ्या एका गिऱ्हाइकाने मोठ्या मेहनतीने सगळ्या लाद्या त्या पट्ट्यांवरून फोडायचा प्रयत्न केला होता. फोटो बघून मला त्यांचं वाईट वाटलं, इतकी नीट एकाग्र चूक मी पाहिली नव्हती. खरी दिशा शोधायची तर लादीचा तुटका कोपरा बघा. जिथे आपोआप पापुद्रे सुटलेत, ती दिशा. कोपरा साफ असेल तर टाकीने एक छोटा टवका उडवून बघा.

काही जण विचारतात की आपल्या डिचोली-सत्तरीतलाच दगड का नाही वापरायचा. लोहखनिजाच्या खाणींच्या कापलेल्या भिंतींत जांभळट-गुलाबी, पापुद्र्यांचा दगड दिसतो खरा. तो फिलाइट, स्लेटचाच थोरला भाऊ म्हणा. पण आपल्या पावसात आणि चिऱ्याच्या थराखाली तो इतका कुजलाय की बऱ्याच ठिकाणी त्याची माती झालीय. सुंदर दिसतो, बोटाने चुरगळतो. फरशीला उपयोग नाही.

हत्यारांबद्दल फार बोलत नाही, कारण लोक हत्यारांत पैसे घालून कौशल्य विकत मिळालं असं समजतात. छिन्नी रुंद हवी, दोन इंच तरी, आणि धारेच्या मागे लांबपर्यंत पातळ उतरत गेलेली. धार मात्र वस्तऱ्यासारखी नको. धारदार छिन्नी थर कापते आणि कापलेल्या जागेवरून चीर वाकडी निघते. आपल्याला कापायचं नाहीये, उघडायचंय. बाजारातली जाड गवंडी छिन्नी कडेचे टवके उडवते, बाकी काही करत नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची पट्टी लोहाराकडून ठोकून घ्या. २०१२ ला आणि परत २०१८ ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा उभ्या राहिलेल्या टिपरांचे पाटे आमच्या भागात भंगारात ढिगाने आले. माझ्या दोन्ही छिन्न्या त्यातल्या. हातोडा लोखंडी नको, लाकडी मोगरी घ्या. माझी किंदळाच्या जुन्या वाशाच्या तुकड्याची आहे. लोखंडाचा घाव टोचतो, लाकडाचा ढकलतो.

आडवी मोडण्याची तक्रारही येते, पण कमी. लादी चिरेच्या दिशेने न उघडता मधोमध आडवी तुटते. त्याची दोनच कारणं मी पाहिलीत. एकतर दगडात आधीच बारीक तडा होता. लादी विकत घेतानाच ती एका टोकाला उचलून बोटाच्या पेराने वाजवा, बाजारात मडकं वाजवून घेतो तसं. खणखणीत वाजली तर घ्या, बद्द वाजली तर माझ्याकडची असली तरी परत ठेवा. दुसरं कारण घाई: चीर निम्म्यापर्यंतही गेली नाही तोच माणूस छिन्नी पिळून दोन्ही बाजू फाकवतो. आधी चारही कडांनी चीर फिरू द्या. मग दोन ठिकाणी पातळ छिन्न्या बसवा आणि दोन्हींना थोडं थोडं पिळा, आलटून पालटून. शेवटी दगड स्वतःच सुटतो, ओल्या कागदाचे दोन ताव सुटावेत तशी एक चिकट सळसळ होते.

फुटलेल्या चेहऱ्यावर पायऱ्या-पायऱ्या दिसत असतील तर छिन्नी कडेने फिरताना रेघेच्या खाली-वर झालीय, बाकी काही नाही. मध्येच पांढरी कठीण रेघ आडवी आली तर ती गारेची (गारगोटीची) शीर. चीर तिथे अडते किंवा उडी मारते. अशा शिरेवर लादी आधी आडवी तोडून घ्या आणि दोन तुकडे वेगवेगळे फोडा. सोनेरी चौकोनी दाणे दिसले तर सोनं सापडलं म्हणून नाचू नका, ते लोहमाक्षिक (पायराइट). चीर त्यांना वळसा घालते, आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसात ते गंजून फरशीवर तांबडे ओघळ सोडतात. अशा लाद्या घराच्या मागच्या बाजूला.

धूळ. हाताने फोडताना ती कमी उडते, पण कडा सारख्या करायला ग्राइंडर लावलात की पांढरा ढग उठतो, आणि त्यात सिलिका असते. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांची फुप्फुसं या धुळीने गेली, त्यावर वैद्यकीय अभ्यास झालेत. तोंडाला पंचा बांधून भागत नाही. दगड ओला ठेवा, ग्राइंडरवर पाण्याची धार सोडा, एन-९५ मास्क लावा, डोळ्यांना चष्मा. यात मी कोणाचं ऐकून घेत नाही. माझ्या यार्डात कोरडं कटिंग बंद आहे.

राहता राहिल्या आधीच पडलेल्या पाचरा. फेकू नका. कुंडीखाली किंवा हलणाऱ्या बाकाखाली त्या कामी येतातच, पण त्यांची खरी जागा उताराची. माझ्या त्या सहा पाचरा तुळशीभोवती आतल्या ओळीत बसवल्यात, जाड बाजू तुळशीकडे, पातळ बाहेर. कितीही पाऊस पडला तरी वृंदावनाच्या पायाशी पाणी साचत नाही, थेट बाहेरच्या चरात जातं. पातळ कड मात्र नुसत्या वाळूवर टेकवू नका, खाली पोकळी न ठेवता ओल्या सिमेंटात दाबून बसवा, नाहीतर पहिलाच पाय पडला की टवका उडतो.